शनिवार, सॉसेज आणि सक्ती

मतदानाचा दिवस सोमवारी आला की मुंबईचा मध्यमवर्ग काय करतो, हे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यांना निवडणूक आयोगापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. शनिवार, रविवार आणि मतदानाची सुट्टी असा त्रिवेणी संगम साधून लोकशाहीचा उत्सव अनेकजण लोणावळ्यात वा महाबळेश्वरात साजरा करतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. त्यानंतर नेहमीप्रमाणे अग्रलेख आले, शहरी मतदाराच्या उदासीनतेवर चर्चा झडल्या आणि कोणीतरी म्हणालेच, की आता मतदान सक्तीचे करा. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसा कायदाही केला होता. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली. या चर्चेत दरवेळी एका देशाचा दाखला हमखास दिला जातो. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. दाखला खराच आहे. पण तो देणाऱ्यांच्या मनात जे चित्र असते, दंडुका उगारलेले सरकार आणि निमूटपणे रांगेत उभी असलेली प्रजा, ते मात्र साफ चुकीचे आहे.

प्रत्यक्षातले चित्र असे. दिवस शनिवारचा, कारण संसदेची निवडणूक शनिवारीच घ्यावी असे कायदाच सांगतो. वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सहा. स्थळ उपनगरातील प्राथमिक शाळा. कुंपणावर उमेदवारांचे हसरे प्लास्टिक फलक टांगलेले. फाटकाशी निरनिराळ्या पक्षांचे स्वयंसेवक टी-शर्ट घालून उभे. मतदान केंद्राच्या प्रवेशद्वारापासून सहा मीटरच्या आत त्यांना प्रचार करता येत नाही, म्हणून सगळे त्या अदृश्य रेषेबाहेर शेजारी शेजारी उभे राहतात. दिवसभर एकमेकांच्या पक्षाविरुद्ध पत्रके वाटायची आणि मधूनच एकमेकांसाठी कॉफी आणायची, असा हा प्रकार. मतदार येतात ते अर्ध्या चड्डीत, मुलांना कडेवर वा कुत्र्याला साखळीला घेऊन. कोणी मुलाच्या क्रिकेट सामन्यावरून आलेला असतो, कोणाला हार्डवेअरच्या दुकानात जायचे असते. मतदान हे शनिवारच्या कामांच्या यादीतील एक काम, दूध आणि पाव यांच्या मधले.

पाव म्हटल्यावर सॉसेजचा विषय टाळता येत नाही. शाळेच्या आवारात पालक संघटना लोखंडी तव्यावर सॉसेज भाजत असते. पावाच्या एका पांढऱ्या चकतीत भाजलेले सॉसेज, वर परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस, एवढीच पाककृती. यातून जमणारा पैसा शाळेच्या कामी येतो. या पदार्थाला ‘डेमॉक्रसी सॉसेज’ असे नाव पडले आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय शब्दकोश केंद्राने त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. कोणत्या केंद्रावर सॉसेज मिळेल, कोठे शाकाहारी सोय आहे आणि कोठे केक, याचे नकाशे इंटरनेटवर उपलब्ध असतात. केंद्रावर पाणी आणि पंखा असला तरी धन्यता मानणाऱ्या आपल्या मतदाराला हे नवल वाटेल. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्षाचे नेते बिल शॉर्टन यांनी गोल पावातले सॉसेज टोकाकडून खाण्याऐवजी मधूनच चावले. त्या छायाचित्राची चर्चा त्यांच्या आर्थिक धोरणाहून अधिक काळ टिकली.

आत गेल्यावर भारतीय माणसाला दुसरा धक्का बसतो. ओळखपत्र कोणी मागत नाही. बोटाला शाई लावत नाहीत. टेबलामागील कर्मचारी तीन प्रश्न विचारतो: आपले पूर्ण नाव काय, आपण राहता कोठे, आणि या निवडणुकीत यापूर्वी मतदान केले आहे काय? तुम्ही ‘नाही’ म्हणता, तो विश्वास ठेवतो, यादीतल्या नावावर खूण होते. मग हातात दोन कागद येतात. हिरवा कागद कनिष्ठ सभागृहासाठी, पांढरा सिनेटसाठी. पुठ्ठ्याच्या आडोशामागे पेन्सिल ठेवलेली असते. इलेक्ट्रॉनिक यंत्राविषयी येथे वाद होत नाहीत, कारण या निवडणुकीत यंत्रच नाही. आडोशाचे मोल मात्र मोठे आहे. छापील अधिकृत मतपत्रिकेवर, कोणाला न दिसता खूण करण्याची पद्धत १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या तत्कालीन वसाहतींनी कायद्याने रूढ केली. पुढे ती जगभर गेली आणि अमेरिकेत तर तिला ‘ऑस्ट्रेलियन मतपत्रिका’ असेच म्हणू लागले.

सक्ती आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. क्वीन्सलंड राज्याने १९१५ मध्ये प्रारंभ केला. देशपातळीवर १९२२ च्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्याही खाली घसरले, तेव्हा टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी १९२४ मध्ये खासगी विधेयक मांडले. ते दोन्ही सभागृहांत मतविभागणीशिवाय मंजूर झाले. म्हणजे सर्वांनी मत दिलेच पाहिजे असा कायदा करताना सदस्यांना स्वतः मत नोंदवावे लागले नाही. पुढच्याच वर्षी मतदान एकदम ९१ टक्क्यांवर गेले. तेव्हापासून ते ९० टक्क्यांच्या वर राहिले आणि २०२२ मध्ये प्रथमच किंचित खाली आले, तर त्याचीही तेथे चिंता व्यक्त झाली. आपल्या चिंतांची पातळी वेगळी आहे, एवढेच म्हणावे.

आता दंडाविषयी. मत न देणाऱ्याला पत्र येते: समाधानकारक कारण सांगा किंवा वीस डॉलर भरा. आजारपण, प्रवास, अडचण अशी कारणे सांगता येतात. कारण पटले नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले तर रक्कम आणि खर्च वाढतो. तरीही वीस डॉलर म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. सिडनीत गाडी चुकीच्या जागी उभी केली तर याच्या कितीतरी पट भुर्दंड पडतो. याचा अर्थ लोकांना घराबाहेर काढते ते दंडाचे भय नव्हे. शंभर वर्षांत पडलेली सवय त्यांना बाहेर काढते, आणि त्या सवयीला सरकारने घातलेले खतपाणी.

हा दुसरा भाग आपल्याकडील चर्चेत नेहमी सुटून जातो. नागरिकावर सक्ती करायची तर सरकारवरही तेवढीच सक्ती येते. मत दिलेच पाहिजे असे म्हणताना ‘तुमचे नाव यादीत नाही’, ‘तुमचे केंद्र दुसऱ्या टोकाला आहे’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणून शनिवार, म्हणून मुदतीपूर्वीच्या मतदानाची केंद्रे, म्हणून टपाली मतदान, म्हणून रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत मतपेट्या घेऊन जाणारी पथके. आपण आपल्या मतदारसंघाबाहेर, पण राज्यातच असाल तर कोणत्याही केंद्रावर जाऊन मत देता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ड्युरॅक हा एक मतदारसंघ महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे. तेथील दूरस्थ वस्त्यांपर्यंत निवडणूक कर्मचारी पोहोचतात. अंटार्क्टिकावरील संशोधन तळांवरही मतदानाची व्यवस्था असते. मात्र तेथे ते सक्तीचे नाही. हिमवादळात दंडाची नोटीस पाठवू नये, एवढे तारतम्य कायद्याने दाखवले आहे.

यंत्रणा चुकली तर काय होते, हे २०१३ मध्ये दिसले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सिनेटच्या अटीतटीच्या फेरमोजणीत १,३७० मतपत्रिका गहाळ झाल्याचे उघड झाले. न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि ५ एप्रिल २०१४ रोजी संपूर्ण राज्याने पुन्हा मतदान केले. निवडणूक आयुक्तांनी पद सोडले. काहीशे कागदांसाठी लाखो लोकांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. त्यांनी कुरकूर केली, सॉसेज खाल्ले आणि मत दिले.

मत देणे म्हणजे येथे एका नावापुढे खूण करणे नव्हे. कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवाराला पसंतीक्रम द्यावा लागतो: १, २, ३ असा शेवटपर्यंत. आपल्याकडे राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत हीच कल्पना वापरतात, परंतु सर्वसामान्य मतदाराचा तिच्याशी क्वचितच संबंध येतो. गृहनिर्माण सोसायटीचे उदाहरण घेऊ. शंभर सभासद, तीन उमेदवार. जोशींना ४०, पाटलांना ३५, डिसूझांना २५ मते. आपल्या पद्धतीत जोशी अध्यक्ष झाले आणि साठ सभासद पुढील वर्षभर जिन्यात कुजबुजत राहिले. ऑस्ट्रेलियन पद्धतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने डिसूझा बाद होतात आणि त्यांच्या २५ मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहिली जाते. त्यातील २० जणांनी पाटलांना आणि ५ जणांनी जोशींना पसंती दिली असेल, तर पाटील ५५ विरुद्ध ४५ असे निवडून येतात. जो सर्वाधिक लोकांना हवा असतो त्याच्यापेक्षा जो बहुसंख्यांना चालतो, तो जिंकतो.

ही पद्धतही तत्त्वचिंतनातून आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१८ मध्ये स्वान येथील पोटनिवडणुकीत मजूरविरोधी मते विभागली गेली आणि मजूर पक्षाचा बावीस वर्षांचा उमेदवार सुमारे एक तृतीयांश मतांवर निवडून आला. सरकारने काही आठवड्यांतच कायदा बदलला. राजकारण्यांच्या स्वार्थातून कधीकधी चांगली गोष्ट जन्माला येते, याचे हे दुर्मीळ उदाहरण. अर्थात पसंतीचा हा झोका दोन्हीकडे जातो. मेलबर्न मतदारसंघात २०१० मध्ये हरित पक्षाचे ॲडम बँट पहिल्या पसंतीत दुसऱ्या क्रमांकावर होते. लिबरल मतदारांच्या पुढच्या पसंतीने ते खासदार झाले. २०२५ मध्ये ते पहिल्या पसंतीत सर्वांच्या पुढे होते आणि पुढच्या पसंतीनेच त्यांना घरी पाठवले. ज्या शिडीने चढले तिनेच उतरले.

सक्तीची दुसरी बाजूही आहे. ज्याला काडीचाही रस नाही तोही मतदान केंद्रात येतो आणि वरपासून खालपर्यंत ओळीने १, २, ३ लिहून निघून जातो. याला तेथे ‘गाढवाचे मत’ म्हणतात. हे मत कोणाच्या पदरात पडेल हे नावांच्या क्रमावर ठरते. १९३७ मध्ये नावे आद्याक्षरानुसार लावली जात, तेव्हा न्यू साउथ वेल्समध्ये मजूर पक्षाने सिनेटसाठी चार उमेदवार उभे केले: अमोर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि ॲशली. इंग्रजी वर्णमालेच्या पहिल्या अक्षरावरून नाव सुरू होणारे हे चौघेही निवडून आले. पुढे क्रम चिठ्ठ्या टाकून ठरू लागला. सिनेटच्या मतपत्रिकेची तर वेगळीच कथा आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी १९९९ मध्ये २६४ उमेदवार उभे राहिले आणि मतपत्रिका इतकी मोठी झाली, की तिला लोक ‘टेबलावरचा कपडा’ म्हणू लागले. २०१३ च्या सिनेट निवडणुकीत अक्षरे इतकी बारीक छापावी लागली, की केंद्रांवर भिंगे ठेवण्यात आली. त्या वर्षी पक्षांमधील पसंतीच्या आपसातील सौद्यांमुळे व्हिक्टोरिया राज्यात मोटारप्रेमींच्या पक्षाचे रिकी म्यूर पहिल्या पसंतीच्या अवघ्या अर्ध्या टक्का मतांवर सिनेटर झाले. २०१६ मध्ये नियम बदलून पसंती देण्याचे काम पक्षांकडून काढून मतदाराच्या हाती दिले गेले.

सर्वांनाच मत द्यावे लागते, याचा राजकारणावर एक खोल परिणाम होतो. पक्षांना आपल्या कट्टर समर्थकांना चेतवून घराबाहेर काढण्याची गरज उरत नाही. ते येणारच असतात. लढाई होते ती मधल्या, कुंपणावरच्या मतदारासाठी. हा मतदार प्रामुख्याने सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनच्या बाहेरील उपनगरांत राहतो. त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज असते, तासभराचा प्रवास असतो, पाळणाघराचा खर्च असतो. त्यामुळे येथील निवडणुकांत तत्त्वज्ञान कमी आणि व्याजदर अधिक असतो. शनिवारी उपनगरांतील रस्त्यांवर आणखी एक गर्दी दिसते. ती घरांच्या लिलावाची. घरासमोरील पदपथावर लिलाव पुकारणारा उभा असतो, बोली चढत जाते आणि बघ्यांमध्ये शेजारीपाजारीही असतात, आपल्या घराची किंमत आज किती झाली हे पाहायला आलेले. मतदान केंद्रावर जी उत्कंठा सहसा दिसत नाही ती येथे दिसते. २०१९ मध्ये मजूर पक्षाने घरांतील गुंतवणुकीवरच्या करसवलतीला हात घालण्याचे आश्वासन दिले. सर्व जनमत चाचण्या त्याच पक्षाचा विजय सांगत होत्या. निवडणुकीवर पैजा लावणे तेथे कायदेशीर आहे. एका सट्टा कंपनीने तर मतदानाच्या दोन दिवस आधीच मजूर पक्षावर पैजा लावणाऱ्यांना पैसे वाटून टाकले. पक्ष हरला. आपल्या फलोदीच्या सट्टाबाजाराने एवढी घाई कधी केली नसती.

निवडून दिलेला पंतप्रधान टिकेलच, याची हमी मात्र सक्तीतही नाही. २०१० ते २०१८ या काळात रड, गिलार्ड, पुन्हा रड, ॲबट, टर्नबुल, मॉरिसन अशी रांग लागली. यांपैकी एकच बदल मतपेटीतून झाला. बाकीचे पक्षाच्या बैठकीत, बहुधा अचानक. बेशुद्धीतून उठलेल्या रुग्णाला ‘पंतप्रधान कोण’ असे विचारू नये, असा विनोद तेव्हा रूढ झाला होता. २०१७ मध्ये तर आणखी गंमत झाली. परदेशी नागरिकत्व असणाऱ्याला संसदेत बसता येत नाही, असे राज्यघटनेचे ४४ वे कलम सांगते. शोध सुरू झाला तेव्हा डझनभराहून अधिक खासदार या ना त्या मार्गाने परदेशी निघाले. उपपंतप्रधान बार्नबी जॉइस हे वडिलांमुळे न्यूझीलंडचेही नागरिक ठरले आणि उच्च न्यायालयाने त्यांचे पद घालवले. त्यांनी ते नागरिकत्व सोडले, पोटनिवडणूक लढवली आणि डिसेंबरमध्ये परत आले. मतदार बड्यांची गय करत नाहीत, हेही खरे. पंतप्रधान असताना स्वतःची जागा गमावणारे दोघे आहेत: १९२९ मध्ये स्टॅन्ली ब्रूस आणि २००७ मध्ये जॉन हॉवर्ड. २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्यावरही तीच वेळ आली.

येथवर हसून झाले. आता ज्या गोष्टीवर हसता येत नाही ती सांगतो. ओळखपत्राशिवाय, केवळ शब्दावर विश्वास ठेवून मतपत्रिका देणारा हा देश एकेकाळी चेहरा पाहून ती नाकारत होता. १९०२ च्या कायद्याने तेथील स्त्रियांना मताधिकार दिला, जगात त्याची वाहवा झाली. त्याच कायद्याने ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि आशिया, आफ्रिका व पॅसिफिक बेटांतील मूळ लोक यांना, थोडे अपवाद वगळता, मतदार यादीबाहेर ठेवले. आशियातील लोकांत भारतीय आलेच. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, पण त्याने फरक पडला नाही. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री या प्रश्नासाठी ऑस्ट्रेलियात गेले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते गोखल्यांनंतरचे अध्यक्ष. त्यांनी आर्जव आणि युक्तिवाद दोन्ही केले. पाठोपाठ मेलबर्नमध्ये राहणारे मित्ता बुल्लोश हे भारतीय गृहस्थ आपले नाव यादीत घ्यावे म्हणून न्यायालयात गेले आणि १९२४ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अखेर १९२५ मध्ये कायदा बदलला आणि ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मताधिकार मिळाला. ज्या वर्षी इतरांवर मत देण्याची सक्ती प्रथम लागू झाली, त्याच वर्षी भारतीयांना मत देण्याची परवानगी मिळाली.

त्या भूमीचे मूळ रहिवासी मात्र आणखी थांबले. देशाच्या निवडणुकीत सर्व आदिवासींना मतदार होण्याचा हक्क १९६२ मध्ये मिळाला आणि इतर नागरिकांप्रमाणे सक्ती लागू झाली ती १९८४ मध्ये. सक्ती ही कोणाला मिळणे हेदेखील एक प्रकारचे समान स्थान असते, हे ध्यानात यायला असा इतिहास वाचावा लागतो. संसदेला सल्ला देणारे त्यांचे स्वतंत्र मंडळ घटनेत असावे, हा प्रस्ताव १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात फेटाळला गेला. सर्वांना मत देणे भाग पाडले म्हणून सर्वांना न्याय मिळतोच असे नाही, हाही धडा त्यातच आहे.

२०२१ च्या जनगणनेनुसार भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक ऑस्ट्रेलियात राहत होते. परदेशात जन्मलेल्यांत तेव्हा इंग्लंडखालोखाल त्यांचाच क्रमांक लागत होता. त्यांतील जे नागरिक झाले आहेत, ते आज निवडणुकीच्या शनिवारी मुलांचा हात धरून शाळेच्या फाटकातून आत जातात. त्यांत मराठी माणसेही आहेत. कदाचित हीच माणसे पुण्यात असताना मतदानाच्या दिवशी सिंहगडावर भजी खायला जात असत. देश बदलल्याने माणसाचा स्वभाव बदलत नाही. फरक एवढाच, की येथे केंद्र जवळ आहे, नाव यादीत आहे, दिवस सोयीचा आहे आणि न गेल्यास पत्र येईल हे ठाऊक आहे. तेव्हा सक्तीचा कायदा आणावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी त्याचा पहिला प्रयोग मतदारावर करण्याआधी मतदार यादीवर करून पाहावा. दंडाचे नंतर बघू. आणि सॉसेज नको असेल तर केंद्राच्या आवारात वडापाव चालेल.